वाहनतळावरचा जमादार

जमादार माणसाच्या तोंडाकडे बघत नसे. आधी चाकांकडे बघे. दोन चाकं की चार, एवढं ठरलं की मग त्याची नजर सावकाश वर चढायची, आणि ती तोंडापर्यंत पोचेपर्यंत त्याच्या हातातली पावती फाटलेली असायची. समोरचा माणूस हसतोय की रडतोय, घाईत आहे की आजारी आहे, याच्याशी त्याला काही कर्तव्य नव्हतं. मला तो पहिल्या दिवशी आवडला नाही, पुढेही कधी आवडला नाही, आणि आज तो राहिला नाही म्हणून त्याच्यावर फुलं उधळायला मी बसलेलो नाही. पण चहाच्या टपरीवर बसून त्याच्याविषयी जे वाटेल ते बोललं जातं, ते ऐकलं की माझं डोकं उठतं. त्याला नावं ठेवायचा हक्क ज्यांनी खरोखर कमावला, अशा माणसांत माझा नंबर बराच वर आहे. उरलेल्यांनी गप्प बसावं.

माझं बी-बियाण्याचं आणि खताचं दुकान आहे. समोर नगरपरिषदेचं मैदान. त्याच्या एका अंगाला सरकारी दवाखाना, दुसऱ्या अंगाला आठवडी बाजार. माझ्या वडिलांच्या वेळी तिथे बैलगाड्या सुटायच्या, पुढे मोटारसायकली आणि टमटमी लागायला लागल्या. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. मग नगरपरिषदेला उत्पन्नाची आठवण झाली. मैदानाला तारेचं कुंपण पडलं, लोखंडी फाटक बसलं, 'वाहनतळ' अशी पाटी लागली आणि सगळं मैदान ठेक्यानं गेलं. ठेकेदार एका पुढाऱ्याच्या घरातला. पांढरे कडक कपडे, हातात दोन मोबाईल, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावरून पलीकडे बघायची सवय. तो स्वतः फाटकावर कधी उभा राहिला नाही. त्यानं उभा केला तो जमादार.

जमादार हे काही त्याचं नाव नव्हे. धारूरच्या घाटाखालच्या एका वाडीचा तो माणूस. उमेदीची सगळी वर्षं त्यानं एका साखर कारखान्याच्या फाटकावर काढली होती. उसाच्या गाड्या ओळीनं आत सोडायच्या आणि नंबर तोडून कुणी पुढे घुसला तर त्याला पार शेवटी हाकलायचं, हे त्याचं काम. कारखाना बंद पडला, पगार थांबला. खाकी शर्ट, गळ्यातली शिट्टी आणि जमादार हे नाव तेवढं त्याच्याजवळ राहिलं. कापसाच्या वाळलेल्या पळाटीसारखा उंच, काटकुळा माणूस. आवाज मात्र असा, की तो फाटकावर कुणावर खेकसला तर माझ्या दुकानामागच्या गोदामात ऐकू यायचं.

"गाडी हाय, मंग पावती हाय," हे त्याचं एकच वाक्य. त्यापुढे कुणाचं काही चालायचं नाही.

माझा आणि त्याचा पहिला खटका उडाला तो पेरणीच्या तोंडावर. लिंबागणेशकडचा एक जुना गिऱ्हाईक सरकीच्या बियाण्याची पिशवी न्यायला आला होता. आला, पिशवी घेतली, निघाला, एवढंच काम. जमादारानं त्याच्याकडून वीस रुपये घेतले. गिऱ्हाईक मला म्हणाला, "शेठ, आता एवढे तुमीच कमी करा." मी गल्ला तसाच सोडून फाटकावर गेलो.

"जमादार, घटकाभर थांबणाऱ्याला वीस रुपये? आणि सकाळी गाडी लावून संध्याकाळी नेणाऱ्यालाही वीसच? हा कुठला न्याय?"

त्यानं माझ्या चपलांपासून सुरुवात केली आणि तोंडापर्यंत आला. "गाडी घटकाभर उभी ऱ्हावो का दिसभर, जागा तेवढीच खाती."

"आणि वेळ?"

"वेळ मोजायला मी काय घड्याळ हाय? सरका. मागं गाडी हाय."

मला तिथल्या तिथे उत्तर सुचलं नाही. रात्री जेवताना सुचलं, पण बायकोला सांगून काय उपयोग? दुसऱ्या दिवसापासून आमचं सुरू झालं. सकाळी शटर वर केलं की पहिली बोलणी त्याच्याशी. मी पायरीवरून ओरडायचो, तो फाटकावरून. गिऱ्हाईक रस्त्याच्या मधोमध उभं राहून दोन्हीकडे माना वळवायचं. धंदा बघता बघता बसत चालला. चौसाळ्याकडचे शेतकरी आपलं खत हायवेच्या दुकानांतून न्यायला लागले, कारण तिथे दारात गाडी लावता येते. त्यांचं काही चुकलं नाही. पण माझा राग जायचा तो फाटकावरच्या खाकी शर्टावर. ठेकेदार समोर नसे, जमादार रोज असे.

दुपारी तो फाटकाला पाठ टेकून उभ्या उभ्या जेवायचा. भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, कांदा. एका हातात भाकरी, दुसरा हात शिट्टीवर. मैदानाभोवतीच्या कुठल्याही दुकानाचा चहा त्यानं कधी घेतला नाही. उन्हाळ्यात एकदा माझ्या बायकोला दया आली. तिनं मला न विचारता त्याला चहा पाठवला. तो जसाच्या तसा परत आला, निरोपासकट. "शेठाणीला सांगा, आज च्या पाजला की उद्या तुमचा टेम्पो फुकट लागतो." बायको मला म्हणाली, "तुमच्या दोघांत काही फरक नाही." तिच्या बोलण्याचा मला चार दिवस राग होता.

फळांच्या गाड्यावाल्या हमीदभाईचं आणि जमादाराचं तर हाडवैर. हमीदभाई मोसंबी-केळी हातगाड्यावर घालून वर्षानुवर्षं मैदानाच्या कोपऱ्यात उभा राहायचा. वाहनतळ झालं त्या आठवड्यातच जमादार त्याच्यासमोर जाऊन ठाकला. खाली वाकून चाकं बघितली आणि म्हणाला, "चार हायत. मोटारीचा दर पडंल."

हमीदभाईनं हातातला तराजू खाली ठेवला. "अरे जमादार, केळ्याला इंजिन हाय का बे? पेट्रोल टाकतो का मी ह्याच्यात?"

"इंजिनाचं मला सांगू नका. चाकं हायत का न्हाई?"

बघ्यांची पोटं हसून दुखली. हमीदभाईला मात्र हसू येत नव्हतं. दोघं एकमेकांचा सात पिढ्यांचा उद्धार करून शेवटी मोटारसायकलच्या दरावर आले. त्यानंतर हमीदभाई रोज सकाळी पैसे द्यायचा ते गाड्याच्या फळीवर आपटून द्यायचा, आणि जमादार ते उचलून घेताना म्हणायचा, "रोज आपटतो, एक दिस फळी फुटंल."

सगळ्यांत जास्त बोललं जातं ते सापाच्या प्रकरणाचं. भर दुपारी एक मोटारसायकल फाटकात घुसली. पुढे तरणा मुलगा, मागे म्हातारा बाप, त्याच्या पायाला फडकं आवळलेलं. "पान लागलंय," मुलगा ओरडला. आमच्याकडे सापाचं नाव घेत नाहीत, पान लागलं म्हणतात. बापाला सावरता सावरता मुलाला गाडी स्टँडवर लावता येईना. जमादारानं म्हाताऱ्याला खसकन उतरवलं, पाठीवर टाकलं आणि दवाखान्याकडे पळत सुटला. त्या वयात, त्या उन्हात, एवढं मोठं मैदान ओलांडून. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. म्हातारा वाचला.

गावात ही गोष्ट इथपर्यंतच सांगतात. पुढचं मी बघितलं आहे. जमादार धापा टाकत परत आला, आडवी पडलेली गाडी त्यानं उभी केली, नीट ओळीत लावली, आणि पावती फाडून आरशात खोचली. संध्याकाळी मुलगा गाडी न्यायला आला तेव्हा त्याच्याकडून वीस रुपये घेतले. मुलगा त्याच्या पाया पडला आणि पैसे दिले. मी पायरीवरून बघत होतो. माझ्या तोंडून शिवी गेली.

"बापाला पाठीवर नेलंत, आणि लेकाकडून वसुली करता?"

"पाठ माजी हाय," तो म्हणाला. "जागा मालकाची हाय."

या माणसाचं काय करावं हे मला खरंच कळायचं नाही. त्याचा सख्खा जावई दिवाळीला मुलीला घेऊन आला, तर त्याच्याही गाडीची पावती फाडली. जावई रुसून फराळ न करता निघून गेला असं म्हणतात. लोक हे कौतुकानं सांगायचे. मला त्यात कौतुक दिसत नव्हतं.

मग एके दिवशी एक नगरसेवक माझ्या दुकानात युरियाची पोती सांगायला आला. गाडी त्यानं कुंपणाबाहेर माझ्याच दारात लावली होती. बोलता बोलता सहज म्हणाला, "वीस कुठले? आम्ही ठराव तर दहाचा केलाय. आणि दवाखान्यात येणाऱ्याला माफ."

मी विचारलं, "मग तुम्ही बोलत का नाही?"

"जाऊ द्या हो, शेठ. त्यांच्या कुठं नादी लागता?" असं म्हणून त्यानं पोती गाडीत टाकायला सांगितली आणि गेला. चांगला माणूस म्हणून गावात त्याचं नाव आहे.

त्या दिवसापासून माझ्या आवाजाला धार चढली. "चोर!" मी पायरीवरून ओरडायचो. "दहाचा ठराव आहे! दुप्पट घेता! चोर आहात तुम्ही, चोर!" जमादार शिट्टी वाजवायचा, म्हणजे माझे शब्द त्यात बुडून जावेत. दुकानदाराला फुकट जागा पाहिजे म्हणून हा काहीबाही उठवतोय, एवढंच त्यानं त्यातून घेतलं.

आम्ही बारा-पंधरा दुकानदारांनी अर्ज दिला. नगरपरिषदेत मुख्याधिकारी म्हणून एक बाई नुकत्याच बदलून आल्या होत्या. वयानं लहान, बोलणं मोजकं. त्यांनी दोन्ही बाजूंना सभागृहात बोलावून घेतलं. आम्ही एका बाजूला, ठेकेदार दुसऱ्या बाजूला. पावतीवर दराची जागा कोरी का, असं बाईंनी विचारलं.

"छापायचं राहिलं, मॅडम," ठेकेदार म्हणाला. "दर दहाच आहे, ठरावाप्रमाणं. ह्या लोकांना माल रस्त्यावर मांडता येईना म्हणून ओरड चाललीय. मी माझा माणूसच आणलाय बघा. त्याचं आणि ह्या बियाणंवाल्याचं वैर साऱ्या गावाला ठाऊक आहे." आणि मागे वळून म्हणाला, "सांग रे जमादार. मोटारसायकलला आपण दहाच घेतो ना?"

जमादार भिंतीला टेकून उभा होता. हे ऐकलं आणि तो ताठ झाला. त्याच्या कपाळावरची शीर मला माझ्या खुर्चीवरून दिसली. त्याला वाटलं, कुणीतरी मालकाचे कान भरलेत. ओळखीपाळखीच्या लोकांना आपण दहावर सोडून देतो, असा मालकाला संशय आलाय.

"दहा?" तो गरजला. "कोण म्हनतो दहा? मी एकालाबी सूट दिलेली न्हाई, मालक! वीस! बाजारच्या दिशी तीस! सख्ख्या जावयाकडनं वीस घेतलेत मी. इचारा ह्या दुकानदाराला. माजा दुश्मन हाय, पर ह्योबी सांगंल!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उभा राहिलो. "खरं आहे," मी म्हणालो. "ह्या माणसानं कुणाकडून एक रुपया कमी घेतलेला नाही."

मागच्या बाकावरून कुणीतरी खुदकन हसलं. ठेकेदार मोबाईलमध्ये काहीतरी शोधायला लागला. बाईंनी चष्मा काढला आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "जमादार, नगरपरिषदेनं ठरवलेला दर दहा आहे. दवाखान्यात येणाऱ्यांना तर काहीच नाही."

"कदीपस्नं?"

"पहिल्या दिवसापासून."

तो बाईंकडे बघत राहिला. मग ठेकेदाराकडे. ठेकेदारानं वर बघितलं नाही. "दवाखान्याला... काईच न्हाई?" त्यानं पुन्हा विचारलं. त्याचा आवाज इतका खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता. तो तसाच सभागृहातून बाहेर पडला.

मला वाटलं होतं, आपल्याला आनंद होईल. बाहेर आलो तर तो जिन्यात माझी वाट बघत उभा.

"तुमाला ठाव व्हतं?"

"रोज ओरडून सांगत होतो."

"सांगत नव्हता. भुकत व्हता," तो म्हणाला. "रोज चोर म्हनलात. चोर म्हननाऱ्याचं कोन आयकतं? एक दिस जवळ येऊन नीट बोलला असता तर?"

"जवळ कसा येणार? चहासुद्धा परत पाठवता तुम्ही!"

तो जिन्याच्या कोपऱ्यात थुंकला आणि उतरून गेला. मी वरून ओरडलो, काय ओरडलो ते आता आठवत नाही. चांगलं काही नव्हतं.

त्याची नोकरी त्याच संध्याकाळी गेली. ठेकेदाराला नोटीस निघाली, उत्तर द्यायला मुदत मिळाली, आणि मुदत संपेपर्यंत वसुली चालूच. फाटकावर आता तीन दांडगे गडी आले. त्यांना ना पावतीचं सोयरसुतक, ना ओळीचं. मोटारसायकली एकमेकींवर पडायच्या. जमादार असताना मैदानात एक चाक ओळीबाहेर गेलेलं मी पाहिलं नव्हतं, हेही कबूल केलं पाहिजे.

बाजाराचा दिवस उजाडला. मी शटर वर केलं आणि बघतो तर फाटकाच्या बाहेर, रस्त्यावर, जमादार उभा. अंगात खाकी नव्हती, धुवट पांढरा सदरा होता. आणि आवाज तोच.

"ए फेटेवाले! थांब! तीस कावून देतो? दहा हाय दर. येडा हायस का शाना? ए बाई, दवाखान्यात चालली ना तू? मंग पैशे कशाला काढती? माफ हाय! आत जा!"

वर्षभर पैसे देईनात म्हणून ज्या लोकांच्या गाड्यांच्या किल्ल्या त्यानं काढून घेतल्या होत्या, त्यांच्यावर तो आता पैसे देतात म्हणून खेकसत होता. एकजण गाडीवरून म्हणाला, "आरं, परवापरेंत तूच तर घेत व्हतास की!"

"घेत व्हतो. आता सांगतोय. आयकायचं तर आयक, न्हाईतर जा, मर तिकडं."

लोकांना ते आवडलं नाही. कुणाला आवडेल? पण हळूहळू काहीजण अडून बसले. दहाच देतो म्हणाले. फाटकावर गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजायला लागले. तेव्हा त्या तिघांतला एक पुढे आला आणि त्यानं जमादाराच्या छातीत हात मारून त्याला ढकललं. जमादार मागे हटला नाही. म्हणाला, "ह्या मैदानात मी तुज्याहून जास्त हुबा ऱ्हायलोय, बाळा. सरक." मग तिघांनी मिळून त्याला खाली घेतलं. हात पाठीमागे पिळला तेव्हा त्याचा आवाज निघाला. तेवढा एकच.

आणि आमचं गाव बघत होतं. दुसऱ्याला मार पडताना बघायची आमच्या गावाला फार हौस. कित्येकांनी मोबाईल वर धरले होते. एकजण माझ्या कानाशी म्हणालाही, "बरं झालं. लई माज व्हता." तो रोज देवळात जाणारा माणूस आहे.

सगळ्यांत आधी धावला तो हमीदभाई. गाडा तसाच ढकलत, फळांसकट, त्यानं त्या तिघांच्या अंगावर घातला. "शरम करा बे! म्हातारा हाय तो!" गाडा उलटला. मोसंबी रस्ताभर पांगली. मी शटर ओढायचा लोखंडी आकडा घेऊन कधी पळालो ते मला कळलं नाही. एक तडाखा माझ्या कानावर बसला, त्या कानानं मला अजून कमी ऐकू येतं. पण आम्ही दोघं मध्ये पडलो म्हटल्यावर गर्दीतले शेतकरी उतरले, आणि शेतकरी उतरले म्हटल्यावर ते तिघं कुंपणाची तार ओलांडून पळाले. त्या गडबडीतही काहीजणांनी हमीदभाईची मोसंबी खिशात घातली. तेही मी डोळ्यांनी बघितलंय.

दवाखान्यात आम्हां तिघांना एकाच बाकावर बसवलं. जमादाराचा हात मनगटाच्या वर मोडला होता. वेदनेनं त्याचे ओठ पांढरे पडले होते, तरी पहिलं वाक्य काय बोलावं? "तुमाला कुनी बोलावलं व्हतं?"

हमीदभाई म्हणाला, "आवाज कमी कर. हात मोडलाय, तोंड न्हाई मोडलं तुझं."

"तुजा गाडा फुटला."

"फुटू दे."

"लई येडा हायस," जमादार म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

मोबाईलवाल्यांचा एक उपयोग झाला. ते चित्रण जिल्हाभर फिरलं, वरून विचारणा झाली, आणि बाईंनी ठेका रद्द केला. फाटकावर मोठा फलक लागला. पहिला अर्धा तास कुणालाच शुल्क नाही, दवाखान्यात येणाऱ्याला दिवसभर नाही, हातगाड्याला नाही, बाकीच्यांना ठरलेला दर आणि तो बाजारच्या दिवशीही तोच. जिल्ह्यातल्या आणखी काही गावांतही तसेच फलक लागले म्हणतात. ठेकेदाराचं पुढे काय झालं? काही नाही. तो आता दुसऱ्या कशाचा तरी ठेका चालवतो.

वसुलीला नगरपरिषदेला माणूस हवा होता. आम्ही दुकानदारांनीच बाईंना जमादाराचं नाव सुचवलं. मीही सही केली. त्याला सांगायला मी त्याच्या खोलीवर गेलो, स्टँडच्या मागे पत्र्याच्या चाळीत. तो पिशवी भरत होता. गळ्यात हात अडकवलेला, एका हातानं धोतराच्या घड्या घालत होता. त्या घड्याही अशा, की एक काठ इकडचा तिकडे नाही.

मी सगळं सांगितलं. पगार वेळेवर मिळेल, दर सरळ आहे, आता भांडणाचं कारणच नाही.

"वरीसभर त्या फाटकात मी चोर म्हनून हुबा व्हतो," तो म्हणाला. "मला ठाव नव्हतं, पर हुबा व्हतो. लोकं आता हसून पैशे देतील. त्यांच्या हसन्याकडं मी बघू कसा?"

"लोक विसरतात हो."

"मी इसरत न्हाई." मग घडी घालायची थांबवून म्हणाला, "ज्याच्या बापाला पान लागलं व्हतं, त्यो पोरगा माज्या पाया पडला व्हता. त्याच दिशी मी त्याचे पैशे घेतले. त्यो कोन्या गावचा, मला ठाव न्हाई."

मी म्हणालो, चला, टेम्पोनं घाटापर्यंत सोडतो. तो म्हणाला, यष्टी हाय. मी पिशवी उचलली, त्यानं हिसकावून घेतली. स्टँडपर्यंत मी त्याच्या मागून चालत गेलो. गाडी लागली. तो चढला, खिडकीत बसला आणि मला म्हणाला, "दुकान उघडं टाकून आलाव. जा." गाडी वळली तेव्हा त्यानं मागे बघितलं की नाही, ते मला दिसलं नाही. ऊन काचेवर होतं.

फाटकावर आता एक हसतमुख माणूस असतो. नमस्कार करतो, फलकाकडे बोट दाखवतो, क्यूआरचा कागद पुढे धरतो. गिऱ्हाईक परत आलं. लिंबागणेशचा तो शेतकरीही येतो, पिशवी घेतो, अर्ध्या तासाच्या आत निघतो. तक्रारीला जागा नाही. सकाळी मी शटर वर करतो आणि पायरीवर जरा वेळ उभा राहतो. मग आत जाऊन बसतो.

मागच्या हिवाळ्यात धारूरच्या बाजारातून आलेल्या एका व्यापाऱ्याकडून कळलं, जमादार गेला. झोपेतच गेला. दहाव्याला जावं असं वाटलं. हमीदभाईला सांगितलं तर त्यानं गाडा झाकला आणि म्हणाला, "चल."

घाट उतरून वाडी शोधत गेलो. ओढ्याकाठी लिंबाच्या झाडाखाली ताडपत्री अंथरली होती. माणसं बरीच होती, मला वाटलं त्याहून कितीतरी जास्त. आम्ही दोघं अनोळखी, कडेला उभे राहिलो. फेटा बांधलेल्या एका म्हाताऱ्यानं वर बघितलं.

"तुमी कोन म्हनायचं त्यांचे?"

हमीदभाईनं माझ्याकडे बघितलं. नातं नव्हतं. मैत्री म्हणावी, तर त्यानं उठून बसून नाकारली असती.

"आमचं भांडण होतं त्यांच्याशी," मी म्हणालो. "दोघांचंही."

म्हाताऱ्यानं मान हलवली आणि सरकून ताडपत्रीवर आम्हाला जागा केली.

"बसा मंग," तो म्हणाला. "हितं बसलेल्या समद्यांचंच व्हतं."